पट्टी लावू की लेख छापू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका २६ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा गोषवारा देते. बी.कॉम. झालेला हा तरुण घरच्या सहा एकर कोरडवाहूत वडिलांना हातभार लावतो, आणि लॉकडाऊनपासून क्रिप्टोची माहिती मराठीत देणारी एक वेबसाइट चालवतो. वॉलेट म्हणजे काय, कर कसा लागतो, फसवं ॲप कसं ओळखायचं, असे त्याचे विषय. वाचक बहुतेक आजूबाजूच्या तालुक्यांतले: स्पर्धा परीक्षेची पोरं, कृषी केंद्रावर कामाला असलेले, काही शिक्षक. आता साइटवरून थोडे पैसे मिळावेत असं त्याला वाटतं आणि समोर दोन वाटा आहेत. पहिली डिस्प्लेची, म्हणजे जाहिरात नेटवर्कचा कोड टाकायचा, पानावर पट्ट्या दिसतात, महिन्याला हजार-बाराशे सुटतात. दुसरी नेटिव्हची, म्हणजे लेखासारखी दिसणारी जाहिरात. एक एजन्सी तयार लेख पाठवते, लेखामागे ८,००० रुपये. अटी तीन: लेखावर ‘जाहिरात’ असं लिहायचं नाही, लेखक म्हणून याचंच नाव द्यायचं, आणि आतली लिंक डू-फॉलो (गूगलच्या शोधात त्या साइटला वजन देणारी) व कायमची ठेवायची. पुढच्या लेखांचे पैसे यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेल्या क्रिप्टोत, देऊ, असंही एजन्सी म्हणते. गेल्या महिन्यात एका क्रिप्टो ॲपचा असा एक लेख त्यानं करून पाहिला. तोही पत्रासोबत जोडला आहे.

तो लिहितो, “पट्ट्या बटबटीत दिसतात, साइट जड होते, क्लिक कोणी करत नाही. नेटिव्हमध्ये निदान माहिती असते, वाचकाला त्रासही होत नाही. मला नेटिव्हच बरं वाटतं. माझं काही चुकतं आहे का?” आणि अगदी शेवटी, सही करायच्या आधी, “गावातल्या एका वर्गमित्राचा मेसेज आला. म्हणतो, कापसाचा चुकारा आला की त्या ॲपमध्ये टाकतो, तू लिहिलं म्हणजे पाहूनच लिहिलं असशील. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.”

भाऊ,

तुमच्या पत्रातले दोन आकडे आधी शेजारी शेजारी ठेवू. पट्टीचे महिन्याला बाराशे आणि एका लेखाचे आठ हजार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे पेरणी, निंदण, फवारण्या, वेचाई असं सगळं करून एक क्विंटल कापूस विकल्यावर जे हाती येतं, जवळपास तेवढं एका लेखाचं. आणि तो लेखही तुम्ही लिहायचा नाही. घरी सहा एकर कोरडवाहू असताना अशी रक्कम नाकारणं किती जड जातं, हे मला कोणी सांगायला नको. म्हणून मोह धरू नका वगैरे मी म्हणणार नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ते आठ हजार नेमके कशाचे आहेत?

पट्टीचा भाव कमी का, हे सांगता येतं. वेबवरच्या पहिल्या पट्ट्या ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतल्या हॉटवायर्ड या साइटवर लागल्या. पुढच्या चारच वर्षांत, १९९८ मध्ये, बेनवे आणि लेन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की पानावर माहिती शोधणारा माणूस मोठ्यातली मोठी, रंगीत पट्टीसुद्धा न पाहता पुढे जातो. त्याला ‘बॅनर ब्लाइंडनेस’ असं नाव पडलं. आपल्याकडे त्यासाठी संशोधनाची गरज नाही. एसटी स्टँडपासून तुमच्या गावापर्यंतच्या रस्त्यावर सिमेंटच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगवलेल्या किती भिंती आहेत, आठवून पाहा बरं. रोजचा रस्ता, पण चार नावं धड सांगता यायची नाहीत. मोबाइलवरची ३२० बाय ५० पिक्सेलची पट्टी ही तशीच भिंत आहे. जाहिरातदार भिंतीचं भाडं देतो, हजार वेळा दिसली की इतके. वाचकाला पक्कं ठाऊक असतं की इथे कोणीतरी काहीतरी विकायला उभा आहे.

आता लेखाच्या तीन अटी पुन्हा वाचा. ‘जाहिरात’ लिहायचं नाही. नाव तुमचं. लिंक कायमची. यातली एकही अट लेखातल्या माहितीबद्दल नाही. तुम्ही इतकी वर्षं खपून पोरांना कर समजावला, फसवी ॲप दाखवली, त्यातून तुमच्या नावावर जो भरवसा जमा झाला, तो एजन्सी भाड्यानं मागते आहे. भाड्यानं घेतलंय हे कोणाला कळू नये, म्हणून भाव सहापटीहून जास्त. त्याच लेखावर ठळक अक्षरात ‘जाहिरात’ लिहितो असं एजन्सीला म्हणून पाहा. आठ हजारांचे किती उरतात ते बघा. जेवढे कमी होतील, तेवढे पैसे वाचकाला न सांगण्याचे होते.

“वाचकाला त्रास होत नाही” असं तुम्ही लिहिलं आहे. पट्टी डोळ्यांत खुपते, लेख खुपत नाही, हे खरंच आहे. पण लेख का खुपत नाही? वाचकाला ती जाहिरात आहे हे कळतच नाही म्हणून. पट्टी आली की माणूस सावध होतो आणि लेख वाचताना सैल होतो, कारण लेख तुमचा असतो. या सैल होण्याला तुम्ही वाचकाची सोय समजलात. मला ती त्याची सोय वाटत नाही.

म्हणून नेटिव्ह जाहिरात मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही, आणि याला कारण माझा मामा आहे. मामा कापसाचा कास्तकार, गावात त्याच्या शब्दाला मान. एका वर्षी बियाण्याच्या कंपनीनं त्याच्या वावरात ‘प्लॉट’ घेतला. तुम्ही असे प्लॉट पाहिलेच असतील. रस्त्याच्या कडेला पाटी, पाटीवर वाणाचं नाव आणि लागवडीची तारीख, आणि बोंडं फुटायच्या सुमाराला गाड्या भरभरून आणलेले शेतकरी, पीक पाहणी, धुऱ्यावर शामियाना, रोडगे आणि वांग्याची भाजी. गावागावांत चालणारी ही नेटिव्ह जाहिरातच आहे. भिंत रंगवून जे होत नाही, ते मामाच्या पऱ्हाटीनं होतं. कंपनीचा माणूस बोलत होता तोवर लोक ऐकून घेत होते. मग एकानं मामालाच विचारलं, काऊन बा, खरंच एवढा उतारा आहे का? मामा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “हे पाह्य, थैल्या कंपनीनं फुकट देल्या मले. खतही त्याहीचंच. पाणी माह्या इहिरीचं हाये. तुह्या कोरडवाहू वावरात असंच होईन, हे मी काही सांगत नाही.” कंपनीच्या माणसाचं तोंड उतरलं. पण पुढच्या पेरणीला गावातल्या बऱ्याच जणांनी त्याच वाणाची एकेक थैली घेतली, आपापल्या वावरात लावून पाहायला. पूर्ण शेत कोणी लावलं नाही.

मामानं जाहिरात केली, त्याचा मोबदला घेतला, आणि मोबदला घेतल्याचं चारचौघांत सांगितलं. त्यामुळे ऐकणाऱ्याला आपला निर्णय त्या मापानं करता आला. असा लेख तुम्हाला छापता येईल. एजन्सीच्या अटींत तो बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी आठवण सुखाची नाही. मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या जाहिरात विभागात काम केलं आहे. तिथे पैसे घेऊन छापायच्या मजकुराला ‘वाणिज्य प्रतिनिधी’ अशी बायलाइन, म्हणजे बातमीदाराच्या नावाची ओळ, लागायची. आम्हा आतल्या लोकांना तिचा अर्थ माहीत होता. एका ठेव योजनेवर असा अर्धा पान मजकूर गेला, त्याचं बिल मीच तयार केलं होतं. वर्षभरानं एक म्हातारे गृहस्थ कार्यालयात आले. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार कार्डाची झेरॉक्स आणि त्यांच्यामध्ये चौपदरी घडी घातलेलं ते कात्रण. घडी इतक्यांदा उघडली-मिटली होती की मधोमध कागद फाटायला आला होता. ते भांडले नाहीत. म्हणाले, “बाई, तुमच्या पेपरात बातमी आली होती ना?” बातमी म्हणाले ते. मी त्यांना ‘वाणिज्य प्रतिनिधी’ या शब्दांवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ते दोन शब्द मोठ्यानं वाचले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ते दोन शब्द आम्ही आमच्या बचावासाठी छापले होते, त्यांना कळावं म्हणून नव्हे, हे मला त्या क्षणी समजलं. तेव्हापासून ‘लेबल लावलं की झालं’ हे म्हणणं मला पटत नाही. ज्याच्यासाठी लेबल आहे त्याला ते समजलं पाहिजे. तुमच्या साइटवर ‘प्रायोजित’, ‘पार्टनर कंटेंट’ असले शब्द वापरू नका. ‘जाहिरात’ लिहा. हा शब्द गावात सगळ्यांना येतो.

आता तुम्ही जोडलेल्या लेखाकडे वळते. तो मी दोन वेळा वाचला. मथळा आहे, ‘शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सर्वात सुरक्षित डिजिटल चलन’. भारतातल्या जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था आहे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. तिनं क्रिप्टोच्या जाहिरातींसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यात ‘करन्सी’ हा शब्द जाहिरातीत वापरायचाच नाही असं म्हटलं आहे, कारण तो ऐकला की लोकांना रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीतल्या पैशाची आठवण होते. तुमच्या मथळ्यातलं ‘चलन’ म्हणजे तेच. लेखात मध्यावर तीन महिन्यांच्या वाढीचा आलेख आहे. नियम सांगतो की १२ महिन्यांहून कमी काळाचा परतावा दाखवायचा नाही. पुढे ‘पिकानं दगा दिला तरी हे देणार नाही’ असं एक वाक्य आहे. पैशाच्या अडचणीवरचा उपाय म्हणून क्रिप्टो दाखवायचा नाही, हेही त्याच नियमांत आहे. जाहिरातदाराचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, इथे ॲपच्या लिंकशिवाय काही नाही. आणि जी सूचना प्रत्येक क्रिप्टो जाहिरातीत असायलाच हवी, तिचा पत्ता नाही. मराठीत तिचा आशय असा: क्रिप्टो उत्पादनं आणि एनएफटी (डिजिटल वस्तूच्या मालकीची टोकनं) यांवर नियमन नाही, त्यांत मोठी जोखीम असू शकते, आणि अशा व्यवहारात नुकसान झालं तर कोणत्याही नियामकाकडे दाद मागता येईलच असं नाही. छापील किंवा स्थिर जाहिरातीत या सूचनेला खालची किमान एक पंचमांश जागा द्यायची असते. छोट्या पट्टीवर एवढं मावत नाही, तिथे त्रोटक सूचना आणि पूर्ण सूचनेची लिंक चालते. लेखाला मात्र जागेची सबब नाही.

त्या सूचनेतलं दाद न मिळण्याचं वाक्य नीट वाचा. बियाणं उगवलं नाही तर आपल्याकडे बिल असतं, थैलीचं लेबल असतं, तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येतो, पथक वावरात येऊन पंचनामा करतं. भरपाई मिळो न मिळो, जायला एक दार आहे. क्रिप्टोत असं दार शोधताना माणूस थकून जातो. १८ जुलै २०२४ ला क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एका मोठ्या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि त्याच्या ग्राहकांना वर्षाहून जास्त काळ आपलं क्रिप्टो काढता आलं नाही. ते तर नाव-पत्ता असलेलं एक्सचेंज होतं. तुमच्या लेखातल्या ॲपचा पत्तासुद्धा मला सापडला नाही.

ओळखीच्या माणसाच्या शब्दावर या धंद्यात किती नुकसान होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलं आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेनं १८ महिने दरमहा १० टक्के परतावा द्यायचं कबूल केलं होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. साखळी पद्धतीची योजना, म्हणजे एकानं दुसऱ्याला आणायचं. लोक आले ते पट्ट्या पाहून आले नव्हते, मित्राच्या आणि पाहुण्याच्या भरवशावर आले होते.

कायद्याचंही सांगून ठेवते. जाहिरात परिषदेचे नियम स्वनियमनाचे आहेत, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा देशाचा कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला आपलं नाव देणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण पुरेशी शहानिशा केली होती, हे दाखवता आलं तर सुटका आहे. ‘लेख एजन्सीनं लिहिला’ ही शहानिशा होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समाजमाध्यमांवरून जाहिरात करणाऱ्यांसाठीही सूचना काढल्या, त्यात मोबदला घेतला असेल तर तो सोप्या भाषेत, ठळकपणे सांगा असं बजावलं आहे. अमेरिकेत किम कार्दाशियन यांनी एका क्रिप्टो टोकनची इन्स्टाग्रामवर भलावण केली आणि त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाल्याचं सांगितलं नाही, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले. तुमच्यावर उद्या नोटीस येईल असं मी घाबरवत नाही. एजन्सी सांगते तशी ही ‘साधी कंटेंट पार्टनरशिप’ नाही, एवढं लक्षात यावं.

आता पट्टीचं. पट्टी लावली की आपण स्वच्छ, असं समजू नका. नेटवर्कचा कोड टाकला की तुमच्या पानावर काय दिसणार हे तुम्ही ठरवत नाही. ज्या लेखात फसवी ॲप कशी ओळखायची ते तुम्ही सांगता, त्याच लेखाखाली फसव्या ॲपची पट्टी येऊ शकते, आणि वाचकाला वाटतं ही तुम्हीच निवडली. जड साइटची तुमची तक्रारही रास्त आहे. एका टॉवरवर सगळं गाव लटकलेलं असतं तिथे पॉप-अप उघडेपर्यंत वाचक निघून जातो. पण हा दोष नेटवर्क निवडण्याचा आहे, पट्टीचा नव्हे. कोणतीही छाननी न करणारी, दर जास्त देणारी नेटवर्कं टाळा. गूगल ॲडसेन्ससारख्या ठिकाणी नको त्या वर्गातल्या आणि नको त्या जाहिरातदारांच्या जाहिराती बंद करण्याची सोय असते. एक संध्याकाळ बसून ती नीट लावा, ‘झटपट श्रीमंत व्हा’ छापाचं सगळं बंद करा, पानावर दोनच जागा ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्वतःच्या साध्या मोबाइलवरून साइट उघडून काय दिसतंय ते पाहा. बाराशेचे नऊशे होतील. होऊ द्या.

खरं तर तुम्ही क्रिप्टोच्या साइटवर क्रिप्टोच्याच जाहिराती हव्यात असं गृहीत धरलं आहे, ते मला पटलं नाही. तुमच्या साइटवर लोक कशासाठी येतात? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख कराचा आहे: नफ्यावर ३० टक्के, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हा लेख वाचणाऱ्या माणसाला रिटर्न भरून देणारा हवा असतो. यवतमाळ, दारव्हा, पुसद, कारंजा इथले कर सल्लागार, टॅलीचे क्लास, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका, मोबाइल दुरुस्तीची दुकानं, यांच्यापैकी कोणाला जाऊन भेटलात का? दिवाळी अंकांना जाहिराती अशाच मिळतात, दुकानात जाऊन, चहा पिऊन, पावती फाडून. सरळ विकलेली पट्टी नेटवर्कच्या पट्टीपेक्षा बरी पडते, कारण मधला वाटा जात नाही आणि जाहिरातदार कोण हे तुम्हाला तोंडओळखीनं माहीत असतं. पाच दुकानदारांनी महिन्याला पाचशे-पाचशे दिले तर अडीच हजार होतात. आठ हजार नाहीत, मान्य. पण ते दर महिन्याला येतात आणि त्यासाठी कोणाशी खोटं बोलावं लागत नाही.

क्रिप्टो कंपनीचा लेख घ्यायचाच झाला तर मामासारखा घ्या. कंपनी भारताच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या सरकारी यंत्रणेकडे नोंदलेली आहे का, याचा पुरावा आधी मागा. मार्च २०२३ पासून अशा सेवा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत. मात्र ही नोंदणी काळ्या पैशाच्या देखरेखीसाठी असते, तिच्यामुळे गुंतवणूक सुरक्षित ठरत नाही, आणि हेही वाचकाला सांगा. लेख तुम्ही लिहा, त्यांनी फक्त माहिती तपासायची. मथळ्याच्या वर ‘जाहिरात’, पहिल्या ओळीत ‘या लेखासाठी अमुक कंपनीनं मला पैसे दिले आहेत’, शेवटी जोखमीची पूर्ण सूचना, मराठीत. शुल्क किती, पैसे काढायला किती दिवस, कर किती, हे लेखात आलंच पाहिजे. असा लेख व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा वरचं लेबल गळून पडतं आणि फक्त मथळा जातो. म्हणून मथळ्यातच ‘जाहिरात’ हा शब्द बसवा. लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण करा. पैसे घेऊन दिलेली डू-फॉलो लिंक गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि ते पकडलं गेलं तर इतक्या वर्षांत कमावलेली शोधातली जागा जाते. एजन्सीचं काही जात नाही, ती दुसरी साइट शोधते. पैसे रुपयांत, बँक खात्यात, बिलासह घ्या. यूएसडीटीमध्ये मुळीच नको. त्यात पैसे देणारा कोण ते कळत नाही आणि कराची गुंतागुंत तुमच्याच गळ्यात पडते.

या एजन्सीला एवढंच कळवा: “यापुढे माझ्या साइटवरच्या पैसे घेतलेल्या प्रत्येक लेखावर ‘जाहिरात’ असं लिहिलेलं असेल, लेख मी लिहीन आणि लिंक स्पॉन्सर्ड असेल. चालत असेल तर कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रं पाठवा.” मला वाटतं उत्तर येणार नाही.

छापून झालेला लेख उतरवा. गुपचूप काढू नका, त्याच जागी चार ओळी ठेवा की हा लेख पैसे घेऊन छापला होता, तसं सांगितलं नव्हतं, ॲप तपासलेलं नव्हतं, वाचून कोणी पैसे गुंतवले असतील तर मला कळवा. वाचक कमी होतील अशी धाकधूक वाटेल. थोडे होतीलही. मिळालेले आठ हजार परत करायचे का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. एजन्सीशी लेखी करार असेल तर तो एखाद्या वकिलाला दाखवून मग ठरवा.

पण हे सगळं उद्यावर गेलं तरी चालेल. एक काम आजचं आहे. तुमच्या मित्राचा मेसेज तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिला आहे. मला वाटतं तुम्ही हे पत्रच त्याच्यामुळे लिहिलंत. पट्टी की लेख, हा प्रश्न महिनाभर तुमच्याजवळ होता, पत्र मेसेजनंतर आलं.

त्याला मेसेज करू नका, फोन करा, नाहीतर संध्याकाळी पारावर गाठा. त्यानं अजून काही टाकलं नसेल तर उत्तम. टाकलं असेल तर थोडी रक्कम लगेच काढून पाहायला सांगा. ‘आधी कर भरा, मग पैसे निघतील’ असं ॲप म्हणायला लागलं तर आणखी एक रुपयाही न भरता सगळे स्क्रीनशॉट काढा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला दोघं मिळून फोन लावा. तिथे जेवढ्या लवकर जाल तेवढं बरं.

आणि बोलायला सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर असं म्हणा: “तो लेख माझा नव्हता. एजन्सीचा होता, मला त्याचे आठ हजार मिळाले. ते ॲप मी वापरून पाहिलेलं नाही.” त्याचा चुकारा खात्यात जमा व्हायच्या आत.